अल्हम्ब्राच्या मागचा पाट

अंदलूसचा, म्हणजे मुस्लिम राजवटीतील स्पेनचा इतिहास सांगताना मी दर वर्षी अल्हम्ब्राच्या राजवाड्याचे एक मोठे रंगीत चित्र वर्गात लावतो. बारा सिंहांचे कारंजे, नाजूक कमानी, भिंतींवर कोरलेली अक्षरे पाहून मुले हरखून जातात, आणि खरे सांगायचे तर मीही थोडा फुशारतो. ‘हे आपल्या लोकांनी बांधले’ असे वाक्य आपोआप तोंडून निघून जाते. गेल्या वर्षी असेच चित्र लावून झाल्यावर मागच्या बाकावरचा एक मुलगा उभा राहिला. त्याचे वडील शेतकरी. तो म्हणाला, “सर, राजवाडा टेकडीवर आहे ना? मग कारंज्याला पाणी कुठून येतं? चित्रात मोट दिसत नाही, विहीरही दिसत नाही.”

मी म्हणालो, “पुढच्या तासाला सांगतो.” हे वाक्य शिक्षकाच्या किती उपयोगी पडते हे पालकांना सांगायला नको. पण त्या मुलाच्या प्रश्नामागे लागून जे वाचले, त्यात राजवाडा हळूहळू मागे पडला आणि पाट पुढे आला. त्या पाटाची हकीकत येथे सांगतो.

प्रश्नाचे सरळ उत्तर असे आहे. ग्रॅनाडा शहराजवळून दारो नावाची लहानशी नदी वाहते. राजवाड्याच्या टेकडीपासून सुमारे 6 किलोमीटर वर, जेथे नदीचे पात्र टेकडीच्या माथ्यापेक्षा उंचावर आहे, तेथे बांध घालून पाणी अडवले आणि डोंगराच्या कडेकडेने, अगदी मंद उतार ठेवून, पाट खोदत आणला. मोट नको, बैल नको. पाणी आपल्या वजनाने चालत टेकडीवर पोहोचले. नदी खाली दरीत उतरत जाते, पाट मात्र आपली उंची सोडत नाही, एवढेच त्यातले रहस्य. नस्री घराण्याचा पहिला सुलतान मुहम्मद इब्न अल्-अहमर याने 1238 साली टेकडीवर बांधकाम सुरू केले, तेव्हा तटबंदीबरोबरच या पाण्याची व्यवस्था केली. सिंहांचे कारंजे त्यानंतर शंभराहून अधिक वर्षांनी आले. म्हणजे आधी पाट, मग महाल. आपण चित्र लावतो ते महालाचे.

आता एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. सुलतानाने पाट आणला खरा, पण ही विद्या त्याच्या दरबारात जन्मली नव्हती. त्याच्या कितीतरी आधीपासून अंदलूसच्या खेड्यापाड्यांतील शेतकरी असे पाट काढत होते. आठव्या शतकात आणि नंतर जे लोक समुद्र ओलांडून तेथे गेले त्यांत अरबांपेक्षा उत्तर आफ्रिकेतील बर्बर टोळ्यांचे लोक कितीतरी जास्त होते. ते भाऊबंदांच्या गटांनी दऱ्याखोऱ्यांत वसले. आजही स्पेनच्या पूर्व किनाऱ्यावर बेनिदोर्म, बेनिकासिम अशी ‘बेनी’ने सुरू होणारी गावे ओळीने लागतात. हे बेनी म्हणजे आपले ‘बनी’, अमक्याचे वंशज. बेनिकासिम म्हणजे कासिमच्या वंशजांचे गाव. हळूहळू स्थानिक लोकही मोठ्या संख्येने मुसलमान झाले आणि त्यांच्यात मिसळले. पाट खणणारे हात हे असे होते. त्यांतील एकाचेही नाव इतिहासात नाही.

त्यांच्याआधी तेथे पाणी आणण्याची विद्या नव्हती, असे मात्र कोणी समजू नये. रोमन लोकांनी मोठमोठे जलसेतू बांधले होते. सेगोव्हिया गावचा दगडी जलसेतू आजही उभा आहे. कुठला पाट रोमन आणि कुठला मुस्लिम काळातला, यावर विद्वानांचे वाद चालतात, आणि ते चालावेतही. आपल्या स्मरणिकांतून ‘स्पेनला पाणी आम्ही दिले’ अशा थाटाची वाक्ये येतात (मीही एकदा लिहिले आहे), ती पुसलेली बरी. पण उंच जलसेतूने शहराला पाणी आणणे वेगळे आणि प्रत्येक खोऱ्यात प्रत्येक वाफ्यापर्यंत पाणी पोहोचवून ते वाटून घेणे वेगळे. हे दुसरे काम सर्वदूर पसरले ते मुस्लिम काळात.

अशा पाटाची खूण जमिनीवरून सहसा पुसली जात नाही. मिकेल बार्सेलो या स्पॅनिश इतिहासकाराने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी या गोष्टीचा फार बारकाईने अभ्यास केला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : पाटाची ओळ एकदा ठरली की सगळेच ठरले. पाटाच्या खालची जमीन ओलिताची, वरची कोरडवाहू. घरे वरच्या अंगाला, कारण ओलिताची जमीन घरांसाठी कोण वाया घालवील? वाफ्यांचे बांध, पायवाटा, हौद, सारे उताराच्या हिशेबाने बसते. पुढे मालक बदलला, धर्म बदलला, पीक बदलले, तरी पाट हाताएवढाही वर सरकवता येत नाही, कारण पाणी वर चढत नाही. म्हणून आठशे-हजार वर्षांपूर्वीच्या माणसांनी आखलेली रेघ आजच्या नकाशावर तशीच दिसते. दरबारातील बखरीत खोटे लिहिता येते, उताराला खोटे बोलता येत नाही.

आणखी एक खूण त्यांनी दाखवली, ती मला फार आवडली. मुस्लिम शेतकऱ्यांच्या गावात पाणचक्की असली तर ती बहुधा पाटाच्या शेवटी असे. सगळ्यांची शेते भिजल्यावर उरलेल्या पाण्यावर ती चाले. ख्रिस्ती सरदारांच्या ताब्यात गावे गेल्यावर चक्क्या वरच्या अंगाला येऊ लागल्या, कारण दळणाचे उत्पन्न सरदाराला मिळे आणि पाण्यावर पहिला हक्क त्याच्या चक्कीचा ठरे. चक्की कुठे आहे एवढे पाहिले की त्या गावात शेतकऱ्याची चालत होती की धन्याची, हे कळते.

दुसरी मोठी खूण जमिनीवर नाही, तोंडात आहे. स्पेनमध्ये पाटाला ‘असेकिया’ म्हणतात. हा अरबी ‘अस्-साकिया’. आपल्या घरांत गझल ऐकताना ‘साकी’ हा शब्द येतो, तो याच धातूचा, पाजणारा या अर्थाचा. तेथे तो प्याला भरतो, येथे शेत. नदीतल्या बंधाऱ्याला ‘आसूद’, म्हणजे ‘अस्-सुद्द’, अडथळा. पाण्याच्या राहाटाला ‘नोरिया’, तो अरबी ‘नाऊरा’. शेतातील हौदाला ‘आल्बेर्का’, म्हणजे ‘अल्-बिर्का’. पाण्याच्या टाक्याला ‘आल्खिबे’, म्हणजे ‘अल्-जुब्ब’. पाणी देण्याच्या पाळीला काही भागांत ‘दूला’ म्हणतात. अरबी ‘दौला’ म्हणजे फिरत येणारी पाळी, आज याची, उद्या त्याची. राज्याला आणि संपत्तीलाही हाच शब्द लागला, कारण तीही हातोहात फिरतात. त्यातूनच आपल्या मराठीत ‘दौलत’ आली. आपण दौलत म्हटली की तिजोरी डोळ्यांपुढे आणतो. स्पेनमधला शेतकरी त्याच शब्दाने पाण्याची पाळी म्हणतो. दोघांत मूळ अर्थाला धरून कोण राहिले, हे वाचकांनीच ठरवावे.

पाटावरच्या अधिकाऱ्याला जुन्या कागदांत ‘साबासेकिया’ म्हटले आहे. फोड केली की ‘साहिब अस्-साकिया’, पाटाचा साहेब! आपल्याकडे त्याला पाटकरी म्हणतात. धुळे जिल्ह्यात पांझरा नदीवर जुने बंधारे आहेत आणि त्यांखाली ‘फड’ पद्धतीची शेती चालत आली. एका फडात सर्वांनी एकच पीक घ्यायचे, पाण्याची पाळी पाटकऱ्याने ठरवायची, पाटाचा गाळ सर्वांनी मिळून काढायचा, आणि पाटकऱ्याला त्याचा मोबदला पूर्वी धान्याच्या रूपाने द्यायचा. खानदेशातील आणि अंदलूसमधील शेतकऱ्यांची गाठ कधी पडली नाही. पण नदी लहान आणि शेते पुष्कळ अशी वेळ आली की माणसे सारख्याच युक्तीला येतात, असे दिसते.

आणि पिके? तांदूळ, ऊस, कापूस, संत्री, वांगी यांची लागवड त्या काळी तेथे पसरली, आणि स्पॅनिशमध्ये त्यांची नावे अरबीवरून आली. संत्र्याला ते ‘नारांखा’ म्हणतात. ते अरबी ‘नारंज’, त्याच्यामागे फारसी, आणि त्याच्यामागे आपल्याकडचे संस्कृत ‘नारंग’. म्हणजे आपल्या नारिंगाचाच तो दूरचा भाऊ. आपण जनावरांना लसूणघास घालतो. त्या चाऱ्याला स्पॅनिशमध्ये आणि अमेरिकेत ‘आल्फाल्फा’ म्हणतात, तोही अरबी ‘अल्-फिस्फिसा’ या शब्दावरून. सेव्हिलचा इब्न अल्-अव्वाम याने बाराव्या शतकात शेतीवर मोठा ग्रंथ लिहिला. त्याच्या आधीच्या शतकात तोलेदोच्या इब्न बस्सालने लिहिला. जमीन किती प्रकारची, खत कोणते, पाणी कसे द्यावे, हे त्यात आहे. इब्न अल्-अव्वामचा ग्रंथ 1802 साली स्पॅनिश भाषांतरासह छापला गेला, तोही केवळ कुतूहल म्हणून नव्हे. त्या काळच्या स्पॅनिश शेतकीला त्यातून शिकता येईल, अशी भाषांतर करणाऱ्यांची अपेक्षा होती.

पण पाट खणणे हे अर्धेच काम. खरे अवघड काम वाटपाचे. पाणी, चारा आणि विस्तव यांत सर्व लोक भागीदार आहेत, अशा आशयाची हदीस आपल्यापैकी अनेकांनी ऐकली असेल. मदिनेत ओढ्याच्या पाण्यावरून तंटा झाला तेव्हा, वरच्याने आपली गरज भागेल एवढे पाणी घ्यावे आणि मग ते अडवून न ठेवता खालच्याकडे सोडावे, असा निवाडा झाला. अंदलूसच्या पाटांवर या विचाराची निरनिराळी रूपे दिसतात.

व्हॅलेन्सिया शहराभोवतीच्या मळ्यांचे उदाहरण घ्या. तेथे तुरिया नदीवरून पाट निघतात. नदीचे पाणी 138 ‘फिला’ धरले जाते आणि कोणत्या पाटाला किती फिला हे ठरलेले असते. वाचणाऱ्याला वाटेल की फिला म्हणजे पाण्याचे काही माप असेल. तसे नाही, तो हिस्सा आहे. नदी भरून वाहत असेल तर फिला मोठा, नदी आटली तर फिला लहान. रुपयात आणे ठरवावेत तसा हा हिशेब. दुष्काळात कोणाचाच हिस्सा जात नाही, सगळ्यांचा सारखा आक्रसतो. जेथे एका पाटाचे दोन होतात तेथे मध्ये दगडी जिभेसारखा एक भाग बांधलेला असतो. तो पाणी दोन्हीकडे ठरलेल्या प्रमाणात फोडतो. त्याला मोजणारा कारकून लागत नाही आणि लाचही देता येत नाही. शिवाय व्हॅलेन्सियात पाणी जमिनीला चिकटलेले, शेत विकले तर त्याची पाळी त्याच्याबरोबर जाणार. याउलट एल्चे गावात, जेथे त्या काळापासूनचे खजुराचे प्रचंड बन अजून आहे, पाणी जमिनीपासून वेगळे काढून विकता येऊ लागले, लिलावसुद्धा झाले. म्हणजे एकाच विद्येच्या पोटी दोन रीती. कोणती बरी, हे ज्याच्याकडे पैसा कमी आहे त्याला विचारावे.

आता या कथेचा दुःखाचा भाग. ज्या 1238 साली ग्रॅनाडाच्या टेकडीवर काम सुरू झाले, त्याच साली आरागॉनचा राजा जाउमे याने व्हॅलेन्सिया जिंकून घेतले. मोठी मशीद गेली, तिच्या जागी कॅथेड्रल उभे राहिले. पण पाटांना हात लावण्याची चूक राजाने केली नाही. 1239 साली त्याने पाट नव्या रहिवाशांना दिले आणि पाणी मात्र मुसलमानांच्या काळी जसे वापरले जात होते तसेच वापरावे, असे सनदेत नमूद केले. नवे मालक जुन्या रीतीचे वारस झाले. मुस्लिम शेतकरीही पुष्कळ ठिकाणी राहिले, पण आता कुळे म्हणून.

1492 साली ग्रॅनाडा पडले, हे आपण सर्व जाणतो. त्यानंतरच्या सव्वाशे वर्षांविषयी आपल्याकडे फारसे बोलले जात नाही. मुसलमानांना बळाने बाप्तिस्मा देण्यात आला, भाषा, पोशाख, हमामावर बंदी आली. या लोकांना ‘मोरिस्को’ म्हणत. ग्रॅनाडाच्या दक्षिणेकडील आल्पुहारा डोंगरांत 1568 ते 1571 बंड झाले, ते मोडण्यात आले आणि तेथील मोरिस्कोंना घरातून उठवून दूरच्या प्रांतांत विखरून टाकले. रिकाम्या गावांत उत्तरेकडून वसाहतकरी आणले. त्या वेळी जमिनींची मोजणी होऊन दप्तरे तयार झाली. कोणाचे शेत कुठे, पाण्याची पाळी कोणाची, किती वेळ, हे जुन्या माहितगारांच्या जबान्यांवरून त्यांत उतरवून घेतले. पाण्याचा तंटा निघाला तर त्या दप्तरांचा आधार आजही काढला जातो. म्हणजे घरावरचा हक्क बुडाला, पाळीची नोंद मात्र टिकली.

शेवटी 1609 साली राजा तिसरा फिलिप याने सर्व मोरिस्कोंना देशाबाहेर घालवण्याचा हुकूम काढला. 1614 पर्यंत सुमारे तीन लाख माणसे बाहेर काढली गेली. एकट्या व्हॅलेन्सिया प्रांतातून एक लाखाहून अधिक, तेथील लोकवस्तीच्या जवळजवळ एकतृतीयांश. या हुकुमात एक कलम आहे. ते प्रथम वाचले तेव्हा मी पुस्तक मिटून ठेवले. त्यात म्हटले होते की दर शंभर कुटुंबांमागे सहा कुटुंबांना राहू द्यावे. दया म्हणून नव्हे. घरे, साखरेची घाणी, भाताची पिके आणि पाट यांची निगा राहावी आणि नव्या लोकांना त्यांनी ते काम शिकवावे, म्हणून! चौऱ्याण्णव कुटुंबे बंदरावर, आणि सहा मागे, आपल्याच शेजाऱ्यांच्या शेतात आलेल्यांना पाणी कसे द्यायचे हे शिकवायला. प्रत्यक्षात फार थोडे लोक असे थांबले. बहुतेकांनी आपल्या माणसांबरोबर जाणे पसंत केले. पुष्कळ गावे कित्येक वर्षे ओस पडली.

(त्याच सुमारास, 1610 साली, इकडे दख्खनमध्ये मलिक अंबरने खडकी वसवली. तेच पुढचे औरंगाबाद, आताचे छत्रपती संभाजीनगर. त्या शहरासाठी त्याने डोंगरातून जमिनीखालची नहर आणली. गुलाम म्हणून विकला गेलेला हबशी माणूस येथे पाणी आणत होता आणि तेथे पाणी आणणाऱ्यांच्या वंशजांना जहाजात बसवले जात होते. दोन्ही गोष्टींचा एकमेकींशी संबंध नाही. वर्षे जुळतात, म्हणून नोंदवले.)

आता शेवटची खूण, आणि सर्वांत कमी लोकांना माहीत असलेली. ग्रॅनाडाच्या मागे सिएरा नेवाडा हा बर्फाचा डोंगर आहे. त्याचे सर्वांत उंच शिखर 3,479 मीटरचे, नाव मुलासेन. ग्रॅनाडाचा सुलतान मौले हसन याचे हे नाव. या डोंगरावर, आल्पुहाराच्या गावांच्याही कितीतरी वर, पाट आहेत, आणि ते पिकांसाठी नाहीत. त्यांना ‘करेओ’चे पाट म्हणतात. वसंत ऋतूत बर्फ वितळू लागले की ओढ्यांना एकदम पाणी येते आणि उन्हाळा लागताच संपते. त्या वेळी लोक वरच्या ओढ्यांतले पाणी या कच्च्या, मातीच्या पाटांत वळवतात. पाट डोंगराच्या अंगावरून आडवा जातो आणि वाटभर मुद्दाम झिरपू दिला जातो. काही ठरावीक जागी, जेथे खडक कुजून भुसभुशीत झाला आहे, तेथे पाटाचे तोंड फोडून पाणी उतारावर सोडतात. ते जमिनीत जिरते. मग काही आठवड्यांनी, काही महिन्यांनी, ऐन उन्हाळ्यात खालच्या गावांचे झरे वाहू लागतात. कोणत्या जागी सोडलेले पाणी कोणत्या झऱ्याला येते, हे जुन्या माणसांना पाठ असते. आपल्याकडे ‘पाणी अडवा, पाणी जिरवा’ ही घोषणा सरकारी भिंतीवर आली. त्या डोंगरात मुस्लिम काळापासून ती नांगर-कुदळीइतकी रोजची बाब आहे.

जिरण्यापूर्वी हे पाणी आणखी एक काम करते. ते कुरणे भिजवते. कुरणाला कोणी पाणी देते काय, असे आपल्याला वाटेल. आपल्याकडे पिकालाच पाणी पुरत नाही तर गवताला कोण देणार? पण थंड मुलखात ही रीत जुनी आहे. दक्षिण इंग्लंडमध्ये नदीकाठच्या कुरणांवर हिवाळ्यात वाहत्या पाण्याचा पातळ थर खेळवत, त्याने जमीन गोठत नसे आणि मेंढ्यांना गवत लवकर मिळे. तिकडे सतराव्या शतकापासून ही पद्धत फैलावली. तिचे वरंबे आणि सऱ्या सॉल्सबरीजवळच्या हार्नमच्या कुरणात अजून पाहायला मिळतात. सिएरा नेवाडात प्रश्न गोठण्याचा नव्हता, करपण्याचा होता. सगळा डोंगर पिवळा पडला असता ओलाव्याच्या जागी हिरवीगार कुरणे दिसतात. त्यांना ‘बोर्रेगिल’ म्हणतात, ‘बोर्रेगो’ म्हणजे कोकरू, त्यावरून. आणि दुरून पाहिले तर पाटाच्या खालच्या अंगाला, झिरपलेल्या पाण्यावर वाढलेल्या झाडांची एक आडवी हिरवी रेघ डोंगरावर ओढलेली दिसते.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात खेडी ओसरली, तरुण शहरांत गेले, गाळ काढायला माणसे उरली नाहीत. अनेक पाट बुजले. काही ठिकाणी सुधारणा म्हणून पाटात सिमेंट घातले किंवा नळ टाकले. गळती थांबली, हे खरे. पण हिरवी रेघही वाळली आणि खालचे झरे कमी झाले, कारण ज्याला गळती म्हणत होते तेच तर पाटाचे काम होते. 2014 साली कान्यार गावी अनेक वर्षे बंद पडलेला एक पाट पुन्हा वाहता करण्यात आला. ग्रॅनाडा विद्यापीठातील पुरातत्त्वज्ञ होसे मारिया मार्तीन सिव्हान्तोस यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे काम हाती घेतले. गावकरी आणि स्वयंसेवक विद्यार्थी कुदळी-फावडी घेऊन वर चढले आणि गाळ, दगड, झुडपे काढत गेले. त्यानंतर असे आणखी पाट मोकळे झाले. कुठे खणायचे हे सांगायला गावातील म्हातारे लागले. पुस्तकात ते नव्हते.

हे सारे वर्गात सांगितले तेव्हा त्या मुलाने दुसरा प्रश्न विचारला : “सर, मग ते आपले लोक होते की नाही?” मी त्याला खरे तेच सांगितले. आपले पूर्वज इथले, याच मातीतले. बर्बर शेतकऱ्याशी आपले रक्ताचे नाते दाखवता येणार नाही. पण त्याचे वडील पाळीच्या रात्री कंदील घेऊन बांधावर बसत आणि दांड फोडून पाणी वाफ्यात घेत, हे तो जाणतो. त्या माणसाला तो माझ्यापेक्षा जास्त ओळखतो. त्याच्या आजोबांनी पाटकऱ्याचे काम केले होते, हे मला त्या दिवशी प्रथम कळले. पुढच्या आठवड्यात तो घरून पाटाच्या कामाचे वीस-पंचवीस शब्द लिहून घेऊन आला. त्यांतले काही मला नवीन होते.

व्हॅलेन्सियात दर गुरुवारी दुपारी बारा वाजता पाण्याचे न्यायालय बसते. जागा कॅथेड्रलच्या दाराबाहेर, उघड्यावर. परंपरा अशी सांगते की पूर्वी ते मशिदीच्या दाराशी बसे, जुम्याच्या आदल्या दिवशी, आणि मशीद पाडून चर्च झाल्यावर मुसलमान शेतकऱ्यांना आत जाता येईना म्हणून ते दारातच राहिले. इतिहासकार या कथेबद्दल एकमत नाहीत. काळे अंगरखे घातलेले पाटांचे पंच गोल बसतात. ते स्वतः शेतकरी असतात आणि शेतकऱ्यांनीच निवडलेले असतात. वकील नाही, लेखी अर्ज नाही, सगळे तोंडी, आणि निकाल तिथल्या तिथे. ज्या पाटावरचा तंटा असेल त्या पाटाचा पंच निकालात भाग घेत नाही. 2009 साली युनेस्कोने या न्यायालयाची मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत नोंद केली. शहर वाढत जाऊन मळे पुष्कळ कमी झाले आहेत आणि पाहणाऱ्यांत पर्यटकच जास्त असतात. पुकारा करणाऱ्या शिपायाला ‘आल्ग्वासील’ म्हणतात. हा शब्द ‘अल्-वजीर’वरून आला. वजिराचा शिपाई झाला! तो एकेका पाटाचे नाव घेऊन फिर्यादींना पुकारतो. कोणी पुढे आले नाही तर पुढच्या पाटाचे नाव घेतो. सगळी नावे संपली आणि फिर्याद निघाली नाही, तर पंच उठतात आणि जेवायला जातात.